युरियावर राग काढून माती सुधारणार नाही

मृगाचा पाऊस पडून गेला की मराठवाड्यात दोन गोष्टी हमखास सुरू होतात. कृषी सेवा केंद्रांसमोर युरियासाठी रांगा लागतात, आणि त्याच दिवसांत मोबाइलवर, गावच्या सभांत, कधी कीर्तनातसुद्धा युरियाला विष ठरवणारी भाषणं फिरू लागतात. रांगेत उभा असलेला माणूस आणि ते भाषण ऐकून मान डोलावणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो. एका बाजूचे म्हणतात, युरियानं जमिनी नासवल्या, कॅन्सर आणला, तो बंद करा. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, ही पोट भरलेल्यांची नाटकं आहेत, युरिया नसेल तर पिकवून दाखवा. दोन्हीकडे आवाज मोठा आणि हिशेब कमी. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. युरिया विष नाही, आणि त्याच्यावरचा बहिष्कार सगळ्यात आधी कोरडवाहू शेतकऱ्यालाच महागात पडेल. जमिनीचं नुकसान झालंय, हे मात्र शंभर टक्के खरं आहे. त्याचं मूळ आपण नत्र (म्हणजे नायट्रोजन, युरियातून मिळतं ते) जवळजवळ फुकट आणि जमिनीला लागणारं बाकी सगळं महाग करून ठेवलं यात आहे. भांडायचंच असेल तर तिथं भांडलं पाहिजे.

आधी ही वस्तू काय आहे ते नीट पाहू, कारण निम्मा गोंधळ तिथंच आहे. १७७३ साली रुएल या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं मूत्रातून युरिया वेगळा काढला. सजीवांच्या शरीरात तयार होणारे पदार्थ प्रयोगशाळेत बनवता येणार नाहीत, त्यांना एक वेगळी जीवनशक्ती लागते, अशी त्या काळातल्या बहुतेक विद्वानांची पक्की समजूत होती. १८२८ मध्ये फ्रीडरिख व्होलर या जर्मन शास्त्रज्ञानं अमोनियम सायनेटपासून युरिया बनवला. मूत्रपिंडाशिवाय, माणूस किंवा कुत्रा यांच्यावाचून मी युरिया तयार करू शकतो, असं त्यानं बर्झेलियस या आपल्या गुरूला पत्रानं कळवलं. जीवनशक्तीची कल्पना त्या एका पत्रानं मेली नाही, तिला पुढं काही दशकं लागली. पण एक गोष्ट त्या दिवशी सिद्ध झाली. कार्बनचा एक, ऑक्सिजनचा एक, नायट्रोजनचे दोन आणि हायड्रोजनचे चार अणू त्या ठरावीक रचनेत जोडले गेले की तो युरिया. मग तो गोमूत्रातला असो की थळच्या कारखान्यातला. त्या रेणूवर कुठून आलो याचा शिक्का नसतो आणि तो शिक्का वाचायला पिकाच्या मुळीला डोळे नसतात. मुळी नत्र घेते ते मुख्यतः नायट्रेट आणि अमोनियमच्या रूपात. शेणखत कुजून शेवटी तेच होतं, युरिया विघटित होऊन शेवटी तेच होतं. हा प्रश्न जवळपास दोनशे वर्षांपूर्वी निकालात निघालेला असताना आपण आजही 'निसर्गाचं नत्र' आणि 'कारखान्याचं नत्र' अशी भांडणं का लावतो?

कॅन्सरचंही तसंच. प्रथिनं पचवल्यावर उरणारा अमोनिया शरीराला घातक असतो, म्हणून आपलं यकृत त्याचा युरिया करतं. ही साखळी हान्स क्रेब्ज आणि कुर्ट हेन्सलाइट यांनी १९३२ मध्ये उलगडली. धडधाकट मोठा माणूस रोज २० ते ३० ग्रॅम युरिया लघवीवाटे बाहेर टाकतो. म्हणजे युरिया ही शरीरानं विषावर शोधलेली तोड आहे. डॉक्टर रक्तातला युरिया तपासतात तो मूत्रपिंडं काम करतात की नाही हे कळावं म्हणून. उन्हाळ्यात आपल्या बायाबापड्यांच्या टाचांना भेगा पडतात, त्यावर मिळणाऱ्या मलमांमध्येही युरिया असतो, कारण तो कातडीत पाणी धरून ठेवतो. महामार्गावरच्या पंपांवर नव्या डिझेल ट्रकांसाठी डीईएफ नावाचं जे निळ्या झाकणाच्या टाकीतलं द्रावण मिळतं, ते ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. धुरातले नायट्रोजनचे घातक ऑक्साइड त्यानं निरुपद्रवी होतात. प्लायवूडच्या चिकट्यात तो असतो. गव्हाच्या किंवा भाताच्या १०० किलो काडाला ४ किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडला आणि ते काड तीन आठवडे हवाबंद ठेवलं, तर जनावराला ते जास्त पचतं. आणि त्याच जनावरानं युरिया भिजवलेल्या टोपल्यातलं पाणी पोटभर प्यायलं, तर अमोनियानं पोट फुगून ते तासाभरात मरतं. मराठवाड्यात अशी जनावरं गेलेली घरं गावोगाव आहेत. किती, कसा आणि कुठं, यावर सगळं ठरतं. मिठाबद्दल आपण हे बिनबोभाट मान्य करतो.

आता युरियाच्या विरोधकांचे जे मुद्दे खरे आहेत ते मान्य करू, आणि ते लहानसहान नाहीत. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून आणि शेणातून येणारा कार्बन, फार खाली गेला आहे. नांगराला ढेकळं निघतात ती आता हातानं फुटत नाहीत, एक मोठी सर आली की वर पाणी साचतं आणि आठ दिवसांच्या उघडिपीत तीच जमीन भेगाळते. नुसत्या युरियावर वर्षानुवर्षं पीक काढलं की असं होतं, हे म्हणणं चुकीचं नाही. दुसरं, पिकानं न घेतलेलं नत्र नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली झिरपतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि नांदेड, बीडसह राज्याच्या अनेक जिल्ह्यांतल्या विहिरी-बोअरांचं पाणी ती ओलांडतं. तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद त्यानं कमी होते. हे भयंकर आहे. (या नायट्रेटमध्ये उघड्या गटारांचा, शोषखड्ड्यांचा आणि विहिरीला लागून असलेल्या उकिरड्यांचाही वाटा असतो, हे मात्र कोणी सांगत नाही.) तिसरं, जास्त नत्रानं कापूस लुसलुशीत वाढतो आणि मावा, तुडतुडे त्या कोवळ्या पानांवर तुटून पडतात. मग फवारण्या वाढतात, आणि त्या फवारण्यांत खरंखुरं विष असतं. चौथं, शेतातून निघणारा नायट्रस ऑक्साइड हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या २७० पटींच्या आसपास भारी आहे. हे चारही आरोप मी मान्य करतो. पण नीट वाचले तर चारही आरोप जास्तीच्या, एकट्या आणि चुकीच्या वेळी टाकलेल्या युरियावर आहेत. युरिया असण्यावर त्यातला एकही नाही.

मग पर्याय काय सांगितला जातो? शेणखत. चांगलंच आहे, त्याला तोड नाही. पण हिशेब करा. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का असतं, म्हणजे एका टनात ५ किलो. ४५ किलोच्या युरियाच्या एका गोणीत ४६ टक्क्यांनी २०.७ किलो नत्र येतं. म्हणजे एक गोणी आणि सुमारे चार टन शेणखत यांतलं नत्र सारखंच. कापसाला हेक्टरी ८० किलो नत्र द्यायचं ठरवलं तर १६ टन शेणखत लागेल, आणि त्यातलंही पहिल्या वर्षी पिकाला मिळतं ते तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, बाकीचं पुढच्या हंगामांना. शेणखताचा मोठा गुण नत्राच्या पलीकडचा आहे. ते जमीन भुसभुशीत करतं, ओल धरतं, जिवाणूंना खाऊ घालतं. म्हणून ते हवंच. पण भूम, पाटोदा, आष्टीच्या मुरमाड रानात दोन एकर असलेल्या आणि दावणीला एक शेळी असलेल्या माणसाला 'युरिया सोड, शेणखत टाक' म्हणणारा सल्ला नक्की कोणासाठी आहे?

ते शेण गेलं कुठं, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे आणि तो विचारलाच जात नाही. एक पिढी मागं मराठवाड्याच्या खरिपात संकरित ज्वारी होती. ज्वारी म्हणजे भाकरी आणि कडबा. कडब्याची गंज म्हणजे बैलजोडी, म्हैस, दोन कालवडी. दावण म्हणजे उकिरडा, आणि उकिरडा म्हणजे चैत्रात रानात पडलेले खताचे ढीग. गेल्या तीसेक वर्षांत ती खरिपाची ज्वारी गेली आणि तिच्या जागी सोयाबीन आलं. आलं ते उगाच नाही. शंभर दिवसांत पैसा हातात येतो, लातूरच्या आडतीवर रोख भाव मिळतो, रब्बीला हरभऱ्यासाठी रान मोकळं होतं. शेतकऱ्यानं शहाणपणाचाच निर्णय घेतला. पण सोयाबीनच्या भुस्कटावर बैल जगत नाही. कडबा गेला, त्यात २०१२, २०१५ आणि २०१८ च्या दुष्काळांनी छावण्या दाखवल्या, दावणी बाजारात गेल्या, ट्रॅक्टर आला. २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं, त्या भागात जनावर कोण सांभाळणार होतं? पऱ्हाटी आणि तुराट्या चुलीत जातात, भुस्कटाचे ढीग बांधावर पेटवले जातात. म्हणजे जमिनीकडं परत जाणारं सगळंच बंद झालं आणि एकटा युरिया तेवढा जात राहिला. शेवटी जो शिल्लक राहिला त्यालाच आपण गुन्हेगार ठरवलं.

नैसर्गिक शेतीचे प्रामाणिक कार्यकर्ते यावर जीवामृताचं उत्तर देतात. मला त्यांच्याबद्दल आदर आहे. शेतकऱ्याचा खर्च कमी व्हावा ही त्यांची तळमळ खरी आहे आणि बाटल्यांच्या बाजारातून अनेकांना त्यांनीच बाहेर काढलं. पण २०० लिटरच्या पिंपात १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर माती घातली, तर त्यातलं सगळं नत्र मिळून अंदाजे पाव किलो भरतं. १० क्विंटल ज्वारीच्या नुसत्या दाण्यातून १५-१६ किलो नत्र रानाबाहेर जातं. त्यांचं उत्तर असं की जीवामृत हे अन्न नाही, ते जिवाणूंचं विरजण आहे, नत्र जिवाणू हवेतून आणतील. तूर, हरभरा, मूग, उडीद, सोयाबीन यांच्या मुळांवरच्या गाठींबाबत हे अगदी खरं आहे. आपल्या वाडवडिलांनी हरभऱ्याचा बेवड चांगला असतो म्हणून सांगितलं ते याच अनुभवावर. पण कापूस आणि ज्वारीच्या मुळांवर त्या गाठी नाहीत, आणि मोकळे राहणारे जिवाणू हंगामात जे आणतात ते थोडं असतं. थोडं घालून थोडं काढायचं असेल तर ही शेती टिकते. रब्बीची मालदांडी ज्वारी आपल्याकडं नुसत्या ओलीवर, जवळजवळ बिनखताची निघतेच की. पण मग एकरी उतारा कमी येणार हे स्पष्ट सांगायला हवं, आणि ती घट कोण भरून देणार तेही.

हे न सांगता वरून हुकूम काढला की काय होतं, ते श्रीलंकेनं दाखवलं. २०२१ च्या मे महिन्यात तिथल्या सरकारनं रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. तांदळात स्वयंपूर्ण असलेल्या देशावर बाहेरून तांदूळ आणायची पाळी आली, चहाच्या मळ्यांनाही फटका बसला, आणि नोव्हेंबरमध्ये निर्णय गुंडाळावा लागला. तिथं परकी चलनाची टंचाई हेही कारण होतं, घाई झाली हेही खरं. पण घाई केली नसती तर शेणखत कुठून आलं असतं? सिक्कीमचं उदाहरण नेहमी पुढं केलं जातं. २०१६ मध्ये ते राज्य पूर्ण सेंद्रिय जाहीर झालं, त्याचं कौतुक करावंच. पण तिथं आधीही रासायनिक खताचा वापर नगण्य होता, डोंगरउतार आहेत, पाऊस आणि पालापाचोळा भरपूर आहे. परभणीच्या सपाट चिकण रानाला सिक्कीमचं माप लावता येत नाही. आणि आपल्याला दूर जायची गरजच नाही. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली मिलो ज्वारी रांगा लावून खाल्लेली आणि खडी फोडलेली माणसं अजून आपल्या घरांत आहेत. त्यांना विचारा, नंतरच्या काळात भाकरी कशानं पुरली. संकरित बी, विहिरी आणि खत, या तिघांनी मिळून पुरली. हवेतल्या नत्रापासून अमोनिया बनवण्याची हाबर आणि बॉश यांची प्रक्रिया १९१३ मध्ये कारखान्यात सुरू झाली. पहिल्या महायुद्धाचा दारूगोळा तिनं पुरवला हे पाप तिच्या माथी आहेच. पण आज जगातल्या जवळपास निम्म्या माणसांच्या अन्नातलं नत्र तिच्यातून येतं असा अंदाज आहे. तिला नाही म्हणायचं तर कोणत्या निम्म्यांनी उपाशी राहायचं, हे आधी ठरवावं लागेल.

इतकं ऐकून युरियावाले खूश होत असतील तर त्यांच्याशीही माझं भांडण आहे, आणि ते जास्त मोठं आहे. जुलैच्या मध्यात कुठल्याही दुकानाच्या कट्ट्यावर तासभर बसा. झिमझिम पाऊस चार-पाच दिवस लागून राहिलेला असतो. एक जण खिशातून सोयाबीनचं पान काढून टेबलावर ठेवतो.

"दादा, समदं रान पिवळं पडलंय. काय टाकू?"

"एक गोणी युरिया फेका, मामा. चार दिवसांत काळंभोर होतंय का नाही बघा."

पान कोणी उलटून बघत नाही. नत्र कमी पडलं तर खालची, जुनी पानं आधी पिवळी पडतात, कारण झाड तिथलं नत्र उचलून शेंड्याला नेतं. लोह कमी पडलं तर वरची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पिवळा मोझॅक असेल तर पानावर पिवळे-हिरवे वेडेवाकडे चट्टे दिसतात, तो पांढऱ्या माशीनं पसरवलेला रोग आहे. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात पाणी साचलं की सोयाबीनला लोह घेता येत नाही, आणि त्या टेबलावरचं पान बहुतेकदा दुसऱ्या प्रकारचं असतं. त्याला अर्धा टक्का हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, किंवा चिलेटेड लोहाची फवारणी लागते. पण होतं काय? युरिया फेकला जातो, तोवर पाऊस उघडतो, वापसा येतो, मुळांना हवा मिळते, सोयाबीन आपोआप हिरवं होतं आणि श्रेय युरियाला जातं. पुढच्या वर्षी दोन गोण्या. सोयाबीनला शिफारस हेक्टरी ३० किलो नत्राची आहे आणि तीही पेरणीच्या वेळची. नंतर फेकलेल्या युरियानं मुळांवरच्या गाठी आळशी होतात. हवेतून फुकट मिळणारं नत्र आपण विकतच्या नत्रानं बंद पाडतो.

फेकणं हा शब्दही खराच आहे, आपण युरिया फेकतोच. आपल्या जमिनीचा सामू, म्हणजे पीएच, आठच्या आसपास. अशा रानात ओल्या मातीवर युरिया पांढरा टिपक्यांसारखा पडून राहिला आणि वर पाऊस आला नाही, तर मातीतलं युरिएज हे विकर त्याचा दोन-चार दिवसांत अमोनिया करतं आणि तो हवेत उडतो. दुपारच्या उन्हात अशा रानातून चालताना नाकाला झोंबतं ते आपले पैसे असतात. तोच युरिया तिफणीमागं मातीआड केला, किंवा कापसाला बांगडी पद्धतीनं, म्हणजे झाडाभोवती गोल, देऊन कोळप्यानं झाकला, तर बराचसा वाचतो. लाल्या पडलेल्या, म्हणजे पानं लाल झालेल्या, कापसाला मॅग्नेशियमसोबत दोन टक्के युरियाची फवारणी, म्हणजे पंपाच्या १० लिटर पाण्याला २०० ग्रॅम, काम करते. तिथं मूठभर युरियात जे साधतं ते गोणीभर फेकून साधत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाची स्थापना १९७२ ची, म्हणजे हे ज्ञान आपल्या दारात पन्नास वर्षं आहे. मग ते रानात का पोचत नाही?

शेतकरी अडाणी आहे म्हणून, हे उत्तर मी मानत नाही. तो किंमत बघून वागतो, आणि किंमत त्याला उलटं शिकवते. युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना. म्हणजे नत्राचा किलो तेरा रुपयांच्या आत. नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) दोन्ही देणाऱ्या डीएपीची ५० किलोची गोणी १३५० रुपयांना. तिच्यातलं ९ किलो नत्र युरियाच्या भावानं वजा केलं, तर उरलेल्या २३ किलो स्फुरदाचा किलो चोपन्न रुपयांच्या आसपास पडतो. चौपट. २०१० मध्ये केंद्रानं अन्नद्रव्यावर आधारित अनुदान आणलं, चांगल्या हेतूनं. पण स्फुरद, पालाश (पोटॅश) आणि गंधक त्यात घातले आणि युरिया बाहेर ठेवला. त्यांचे भाव वर गेले, युरियाचा २०१२ पासून जवळपास गोठून राहिला. गंधक आणि झिंकला मिळतं ते नावापुरतं, हिराकसला तर कोणी वाली नाही, आणि उकिरड्यातल्या शेणखताला एक रुपया अनुदान नाही. लीबिग या जर्मन रसायनतज्ज्ञाच्या नावानं शाळेत शिकवला जाणारा नियम असा की जे अन्नद्रव्य सगळ्यात कमी, तेच उतारा ठरवतं. आपण सगळ्यात जास्त स्वस्त केलं ते जे आधीच भरपूर टाकलं जातं त्यालाच. एका डब्यात तेल तेरा रुपये आणि दुसऱ्यात चोपन्न असेल, तर कोणत्या घरात पहिलं जास्त वापरलं जाणार नाही?

हाच भाव चोरी शिकवतो. शेतीचा युरिया प्लायवूडच्या चिकट्यात, गुरांच्या खाद्यात, भेसळीच्या दुधातसुद्धा जातो, कारण कारखानदाराला तोच पदार्थ सरळ मार्गानं कित्येक पट महाग पडतो. २०१५ मध्ये सगळ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा झाला तो काही अंशी यासाठीच, शिवाय त्यानं नत्र सावकाश सुटतं. २०१८ मध्ये गोणी ५० ची ४५ किलो केली, म्हणजे गोण्या मोजून टाकणारा आपोआप कमी टाकेल. अंगठा घेणारी यंत्रं आली. सगळे उपाय भावाला वळसा घालून केलेले. आणि तरीही खरिपात दुकानदार सांगतोच, 'युरिया पाहिजे तर ही बाटली घ्यावी लागेल.' त्याला लिंकिंग म्हणतात आणि ते बेकायदा आहे, हे देणाऱ्याला, घेणाऱ्याला आणि तपासायला येणाऱ्याला, तिघांनाही माहीत असतं. २६६ रुपयांचा युरिया प्रत्यक्षात किती रुपयांना पडतो हे रांगेतल्या माणसाला विचारा. बाटली बऱ्याचदा नॅनो युरियाची असते. २०२१ मध्ये तो आला तेव्हा अर्ध्या लिटरच्या बाटलीत चार टक्क्यांनी २० ग्रॅम नत्र होतं, आणि ती एका गोणीची जागा घेईल असं सांगितलं गेलं. गोणीत २० किलो आहे. हजारपट फरक फवारणीच्या कार्यक्षमतेनं भरून निघतो हे पटायला मला रानातला सज्जड पुरावा लागेल. सक्तीनं गळ्यात मारलेली बाटली हा पुरावा नव्हे.

आता सगळ्यात अवघड आक्षेप. युरिया महाग करा म्हणणं म्हणजे आधीच मेटाकुटीला आलेल्या मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या खिशात हात घालणं नाही का? जिथं सोयाबीन कित्येक हंगामांत हमीभावाच्या खाली विकावं लागतं, तिथं हा सल्ला द्यायला जीभ कशी रेटते? हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. नुसता भाव वाढवून पैसे तिजोरीत गेले तर मीही रस्त्यावर येईन. माझी मागणी वेगळी आहे. गोणीवर दिलं जाणारं अनुदान तेवढंच्या तेवढं एकरी हिशेबानं, पेरणीच्या आधी, शेतकऱ्याच्या खात्यात यावं, आणि त्याचं त्यानं काय घ्यायचं ते त्यानं ठरवावं. युरिया घ्यावा, झिंक घ्यावं, शेजारच्या गोठ्यातून दोन ट्रॉल्या शेणखत घ्यावं, ताग पेरून गाडावा. ज्या दिवशी शेणखताची ट्रॉली आणि युरियाची गोणी एकाच पैशातून विकत घ्यायची होतील, त्या दिवशी उकिरड्याला भाव येईल, आणि भाव आला की दावणीला जनावर परत बांधायचा विचार तरी होईल. सध्या सरकार सांगतं सेंद्रिय कर्ब वाढवा आणि पैसे देतं ते मुख्यतः नत्राला.

यातही एक मोठी अडचण आहे. पैसे सातबाऱ्यावरच्या नावाला जातील आणि रान मात्र बटईनं दुसराच करत असेल. मराठवाड्यात अशी रानं थोडीथोडकी नाहीत. मालक संभाजीनगरला किंवा पुण्याला, पैसे त्याच्या खात्यात, आणि महाग युरिया बटईदाराच्या माथी, असं झालं तर आजच्यापेक्षा वाईट होईल. म्हणून ही रक्कम ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरून सातबाऱ्यावर होणाऱ्या पीकनोंदणीत, पीक नोंदवणाऱ्याला मिळाली पाहिजे, आणि बटईदाराला आपल्या नावानं ती नोंद करता आली पाहिजे. मालक त्याला घाबरतील, कुळ लागेल म्हणून हरकत घेतील. ही भीती कायद्यानं दूर करावी लागेल आणि ते सोपं नाही. पण हे केल्याशिवाय एकदम सगळ्या राज्यात भाव बदलू नयेत. आधी दोन-तीन तालुक्यांत करून बघावं, एक कोरडवाहू, एक गोदाकाठचा उसाचा.

आणि माती तपासणीची वेळ बदलावी. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका वाटल्या जातात, घरोघरी त्या पत्र्याच्या पेटीत सातबाऱ्यासोबत पडलेल्या आहेत. त्यांवर गंधक कमी, झिंक कमी, लोह कमी असं लिहिलेलं असतं, आणि दुकानात जून महिन्यात युरियाचा ट्रक तेवढा उतरतो. मार्च-एप्रिलमध्ये, रान मोकळं असताना, नमुना घेतला आणि मंडळातल्या पत्रिकांची बेरीज करून दुकानांना माल मागवायला लावला, तर जुलैत तो पिवळं पान घेऊन आलेला मामा कट्ट्यावर उभा राहील तेव्हा त्याच्यासमोर हिराकसची पिशवीही असेल. त्यासाठी नवा शोध लागत नाही, नवी प्रयोगशाळा लागत नाही. कृषी सहायकाकडं आज जितक्या योजनांचे ऑनलाइन अर्ज भरायचं काम आहे, त्यातलं निम्मं काढून घेऊन त्याला बांधावर पाठवावं लागेल, इतकंच.